उसने अवसान

सोलापुरात ज्यांचे बालपण गिरणीच्या भोंग्याच्या अंमलाखाली गेले, त्यांना घड्याळाची ओळख उशिरा झाली, आणि झाली तेव्हाही भिंतीवरचे ते यंत्र त्यांना काहीसे दुय्यमच वाटत राहिले. कारण भाकरी केव्हा थापायची, पाणी केव्हा भरायचे, पोरांना शाळेत केव्हा पिटाळायचे आणि रातपाळीहून येणाऱ्या माणसासाठी दाराची कडी केव्हा काढून ठेवायची, याचा सारा जाबता त्या एका लांबलचक आवाजाने ठरवून दिलेला असे. गिरण्या अनेक, म्हणून भोंगेही अनेक. आणि जाणत्या बायका चुलीपुढे बसल्या बसल्या नुसत्या आवाजाच्या जातीवरून हा भोंगा कोणत्या गिरणीचा, हे अचूक सांगत.

माझे आजोबा एका गिरणीच्या विणखात्यात छत्तीस वर्षे होते. मला ते आठवतात ते बहुतेक निवृत्तीनंतरचे. परंतु तेव्हाही पहाटेचा पहिला भोंगा होण्याच्या आधीच ते अंथरुणावर उठून बसलेले असत, पाय जमिनीला टेकलेले, उजवा हात तंबाखूच्या चंचीकडे गेलेला आणि मान किंचित एका बाजूला कललेली, जणू अजून न झालेला आवाज त्यांना ऐकू येत होता. आजी म्हणे, "अहो, आता कुठं जायचंय? निजा की जरा." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे. "मी उठलो नाही गं, अंगच उठलं." त्या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी, शरीरशास्त्रावरचे एक पुस्तक चाळताना उमगला, आणि तेव्हापासून या शहराचा इतिहास मला थोडा निराळा दिसू लागला.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. उजवी त्रिकोणी, डावी चंद्रकोरीसारखी, आणि वजनाने प्रत्येकी चार-पाच ग्रॅम, म्हणजे जुन्या मापात सांगायचे तर अर्धा तोळाही भरणार नाही इतकी. रोममध्ये युस्टाखियस नावाच्या शारीरविदाने १५६३ च्या सुमारास त्यांचे वर्णन केले. पण त्या कशासाठी आहेत, हे पुढे जवळजवळ तीनशे वर्षे कोणाला सांगता आले नाही. १८५५ मध्ये, म्हणजे मुंबईहून निघालेला लोहमार्ग अजून सोलापूरपर्यंत पोचलाही नव्हता तेव्हा, लंडनच्या गायज् रुग्णालयातील टॉमस ॲडिसन या वैद्याने काही विचित्र रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हे रोगी दिवसेंदिवस खंगत, उठून बसण्याचेही त्राण त्यांना उरत नसे, नाडी क्षीण होई, कातडी काळवंडे, आणि शेवटी ते मरण पावत. शवविच्छेदनात मात्र हृदय, यकृत ठाकठीक आणि या दोन ग्रंथी तेवढ्या नष्ट झालेल्या, बहुधा क्षयाने पोखरलेल्या आढळत. मनुष्याच्या अंगातील बळ अर्ध्या तोळ्याच्या या मांसखंडांवर अवलंबून आहे, ही गोष्ट जगाला प्रथम कळली ती अशी. पुढे १९०१ मध्ये जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने ग्रंथीच्या गाभ्यातून निघणारा रस शुद्ध रूपात वेगळा केल्याचे जाहीर केले आणि त्याला ॲड्रेनलिन हे नाव रूढ झाले. बाहेरच्या सालीतून पाझरणारे कॉर्टिसॉल हे द्रव्य हाती यायला आणखी काही दशके जावी लागली.

या दोन रसांचा कारभार समजून घ्यायचा तर पेशवाईच्या दप्तरातील एक शब्द फार उपयोगी पडतो. तो शब्द म्हणजे वरात. अमुक महालाच्या वसुलातून अमुक इसमास इतकी रक्कम द्यावी, असा जो लेखी हुकूम सरकारातून निघे, त्याला वरात म्हणत. वरात लिहिणाऱ्या कारकुनाच्या पेटीत पैसा नसतो. पैसा महालात असतो. अधिवृक्क ग्रंथींचे काम तंतोतंत त्या कारकुनाचे आहे. साप पायाशी आला, मूल विहिरीच्या कडेला गेले, धाकट्याला फेफरे आले, अशा क्षणी ग्रंथीचा गाभा काही पळांत ॲड्रेनलिन सोडतो. हृदय धडधडते, बाहुल्या विस्फारतात, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि यकृतात साठवलेली साखर रक्तात उतरते. संकट लांबले तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेने सालीतले कॉर्टिसॉल कामाला लागते. ते अधिक संथ, पण अधिक दूरचे महाल गाठते, म्हणजे स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांची साखर करवते, इतर दुरुस्त्या तहकूब ठेवते आणि रोगांशी लढणारी शिबंदीही काही काळ थोपवून धरते. अशा रीतीने आलेल्या बळाला मराठीत फार पूर्वीपासून नेमका शब्द आहे. आपण त्याला उसने अवसान म्हणतो. अवसान म्हणजे धैर्य, त्राण. आणि संस्कृतातून आलेला त्याच रूपाचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ शेवट.

कॉर्टिसॉलला एक नित्याची लय असते. मध्यरात्रीच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते, पहाटे ते चढू लागते आणि जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात शिगेला पोचते. उठायची वेळ शरीराला ठाऊक झाली की ती वेळ येण्याआधीच वरात निघते. आजोबांचे अंग उठे ते यामुळे.

आता सोलापूरची गोष्ट. येथील पहिली गिरणी, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, लोक जिला पुढे जुनी मिल म्हणू लागले, तिची स्थापना १८७४ ची आणि चाक फिरले ते १८७७ मध्ये. हे साल दख्खनच्या इतिहासात दुसऱ्याच कारणाने लिहिले गेले आहे. १८७६ च्या पावसाने दगा दिला आणि सोलापूर, विजापूर, अहमदनगर या मुलखात असा दुष्काळ पडला की दुष्काळी कामांवरच्या खडी फोडणाऱ्यांना किती रोजमुरा दिला असता ते जिवंत राहतील, याचा हिशेब सरकार करू लागले. सर रिचर्ड टेंपल यांनी तो हिशेब एक रतल धान्य आणि वर थोडे पैसे इथपर्यंत खाली आणला, आणि १८७७ च्या आरंभी दख्खनातील हजारो मजुरांनी ते काम सोडून देऊन त्याचा निषेध केला. १८८१ च्या शिरगणतीत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या गणतीपेक्षा घटलेली आढळली. गिरणीच्या फाटकाशी जे पहिले हात येऊन उभे राहिले असतील, ते या दुष्काळातून तगलेले हात होते, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. उपवास हा शरीराच्या दृष्टीने सर्वांत जुना ताण. खायला नसले की कॉर्टिसॉल स्नायू मोडून मेंदूला साखर पुरवते. आधी शरीरावरचे मांस, मग आतले. म्हणजे यंत्रासमोर उभे राहण्यापूर्वीच या माणसांच्या महालांतून एकदा वसुली होऊन गेलेली होती.

त्यांच्या आधीही सोलापुरात कापड विणले जात होतेच. साळी आणि कोष्टी यांचे माग होते, आणि तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे पेठांतून स्थायिक होत होती. त्यांचा सारा उद्योग घराच्या छपराखालचा. हातमागाचे काम सोपे नव्हे. खड्ड्यात पाय सोडून, कमरेत वाकून, दिवसभर धोटा फेकीत राहायचे. सावकाराचा तगादा होता, सुताचे भाव वरखाली होत. तरीही त्या कामात एक गोष्ट विणकराच्या हाती होती, ती म्हणजे थांबणे. ऊन चढले तर तो थांबे, दोरा तुटला तर त्याच्या निमित्ताने पाय मोकळे करी. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरली आणि नंदीध्वज निघाले की माग आपोआप निश्चल होत. ज्याला आपला वेग आपण ठरवता येतो, त्याच्या शरीरात तेवढ्याच कष्टाने ताणाचे रस कमी खवळतात, असे अलीकडचे शास्त्र सांगते. आपल्या पूर्वजांना ते शास्त्राविना ठाऊक होते, नाहीतर सणवारांची एवढी दाट पेरणी त्यांनी वर्षभर केली नसती.

गिरणीने थांबण्याचा हा अधिकार काढून घेतला. शतक सरता सरता नरसिंगगिरजी आणि लक्ष्मी या गिरण्या आल्या, पुढच्या दहा-बारा वर्षांत विष्णू आणि जाम. पश्चिमेकडून शहरात शिरणाऱ्याला आधी धुराडी दिसत आणि मागून किल्ल्याचे बुरूज. कामाच्या तासांचे कायदे फार हळूहळू आले, आणि त्यांची क्रमवारी वाचताना जे अनुल्लेखित राहते तेच अधिक बोलते. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचा दिवस नऊ तासांचा ठरवला. मोठ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. १८९१ मध्ये स्त्रियांना अकरा तास आणि सर्वांना आठवड्याची सुट्टी मिळाली, आणि त्या सुट्टीमागे मुंबईच्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी केलेली खटपट होती. पुरुषांच्या दिवसाला पहिली मर्यादा पडली ती १९११ मध्ये, आणि तीही बारा तासांची. १९२२ मध्ये ती अकरावर, १९३४ मध्ये दहावर आणि चाळीसच्या दशकात नवावर आली. पूर्वी निदान अंधार पडला की यंत्र थांबे. विजेचे दिवे आले आणि मुंबईच्या काही गिरण्या दिवसाचे पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. पुढे पाळ्या पडल्या, आणि मध्यरात्री, म्हणजे शरीरातील खजिन्याचे दार निसर्गतः बंद असते त्याच वेळी, विणकऱ्याला चार डोळ्यांनी जागे राहणे भाग पडले. रातपाळीच्या माणसाची ग्रंथी गोंधळते. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, असे चक्र असले तर तिची लय पुरती बदलतही नाही आणि जुन्या जागीही राहत नाही. म्हणून दिवसा पत्र्याखाली, पोरांच्या कालव्यात, माश्या वारीत घेतलेली सहा तासांची झोप रात्रीच्या चार तासांचेही काम करीत नाही.

विणखाते मी एकदाच आतून पाहिले, आजोबांचा डबा घेऊन गेलो होतो तेव्हा. त्यांच्या नोकरीची ती शेवटची वर्षे असावीत आणि माझे वय पाच-सहा. दार उघडले तेव्हा आधी आवाज अंगावर आला, कानावर नव्हे, छातीवर. शेकडो साच्यांचे, म्हणजे यंत्रमागांचे, धोटे एकाच वेळी दोन्ही बाजूंना आपटत होते आणि पायांखालची फरशी थरथरत होती. दोरा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. त्या वाफेत पिवळट दिवे आणि सर्वांच्या भुवयांवर, पापण्यांवर कापसाची बारीक लव. बोलणे अशक्य, म्हणून सारे हातवाऱ्यांनी. आजोबांनी मला पाहिले, ओठ हलवून काहीतरी विचारले आणि त्याच क्षणी, माझ्याकडे तोंड असतानाच, त्यांचा डावा हात मागच्या साच्याकडे गेला आणि त्याने तो थांबवला. दोरा तुटल्याचे त्यांना पाठीने कळले होते. कांडी बदलली, जुन्या पद्धतीच्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओठांनी ओढून घेतला, साचा चालू केला आणि मग डबा घेतला. हा सारा मामला दहा मोजून होण्याच्या आत झाला. आज मला वाटते, की ती सावधता त्यांनी छत्तीस वर्षे, दिवसाचे आठ-नऊ तास, क्षणभरही खाली ठेवली नव्हती. सापाच्या वेळी जी वरात एकदाच निघायची, ती येथे मिनिटा-मिनिटाला निघत होती. आणि तेच धोटे पाळीपाळीने अनेकांच्या तोंडाला लागत. गिरणगावात क्षयाला जे एवढे बळी पडले त्याच्या कारणांत हेही एक असावे, आणि ॲडिसनच्या रोग्यांच्या ग्रंथी कशाने पोखरल्या होत्या हे वर आलेच आहे.

याच शहराच्या एका भागाचे नाव आजही सेटलमेंट असे आहे. ज्या जमातींवर इंग्रज सरकारने जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, त्या पारधी, कैकाडी, भामटा आदी लोकांना १९११ च्या आणि पुढे १९२४ च्या कायद्यान्वये तारेच्या कुंपणाआड वसवण्यात आले, आणि सोलापूरची वसाहत मुंबई इलाख्यातील प्रमुख वसाहतींपैकी एक होती. बायका-पुरुष कुंपणातून गिरणीत जात आणि गिरणीतून कुंपणात परत येत. ठरावीक वेळी हजेरी, बाहेर जायचे तर परवाना, उशीर झाला तर कसूर. गिरणीचा कामगार भोंग्याला बांधलेला होता, पण पाळी सुटली की निदान तो घरच्या ओट्यावर अंग टाकी. सेटलमेंटच्या माणसाला रात्रीची हजेरी चुकू नये म्हणून झोपेतही जागे राहावे लागे. हाका मारणारा कोणीतरी येणार आहे, या एका अपेक्षेने शरीर जेवढे झिजते तेवढे ओझ्यानेही झिजत नाही. आणि हे लोक तर अशा अपेक्षेत पिढ्यान् पिढ्या राहिले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. विमुक्त जमाती तो दिवस आपला मुक्तिदिन मानतात. सोलापूरच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी गिरणीमालकांच्या दानशूरपणाची जेवढी पाने लिहिली, त्याच्या एक दशांशही या कुंपणावर लिहिली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उसने अवसान एकदाच आणि संपूर्ण शहराला कसे येते, हेही सोलापूरने पाहिले आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली, गिरण्या ओस पडल्या, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस या शहरात इंग्रजांचा अंमल चालला नाही. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांवरचा बंदोबस्त पाहत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले, आणि चार हुतात्मा पुतळ्यांपाशी आजही माणसे क्षणभर थबकतात. संकटाच्या क्षणी प्राणी लढायला किंवा पळायला सिद्ध होतो ते ॲड्रेनलिनच्या बळावर, असे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये लिहिले होते. त्या तीन दिवसांत सोलापूर लढायला सिद्ध झाले. परंतु कामगारांच्या शरीराची खरी कसोटी निराळ्या जागी लागली, लष्करी न्यायालयांच्या सक्तमजुरीच्या शिक्षांत, आणि १९२०, १९२८, १९३४ या सालांच्या लांबलेल्या संपांत, जेव्हा लढायला समोर कोणी नसते, पळायला वाट नसते आणि घरात फक्त पीठ संपत आलेले असते.

ही दुसरी अवस्था शास्त्राने ओळखली ती १९३६ मध्ये. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हान्स सेली हे तरुण संशोधक उंदरांना निरनिराळ्या यातना देऊन पाहत होते. थंडी, जखम, अतिश्रम, विष. कारण कोणतेही असो, परिणाम एकच आढळला: अधिवृक्क ग्रंथी सुजून मोठ्या झालेल्या, प्रतिकाराशी संबंधित इंद्रिये आक्रसलेली आणि जठरात व्रण. सेलींनी याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली धोक्याच्या इशाऱ्याची, दुसरी तग धरण्याची, तिसरी कोसळण्याची. हे वाचताना मला उंदरांच्या ग्रंथी मोठ्या झाल्या, हा तपशील सर्वांत करुण वाटतो; मागणी वाढली म्हणून कारकुनाने आपले दप्तरच वाढवले. पुढच्या काळात कळून आले की सतत चढे राहिलेले कॉर्टिसॉल झोप मोडते, पोटावर चरबी आणि रक्तात साखर चढवते, रक्तदाब वाढवते, हाडे ठिसूळ करते आणि स्मरणशक्ती क्षीण करते.

येथे एक गैरसमज दूर करणे मला अवश्य वाटते, कारण हल्ली तो फार बोकाळला आहे आणि त्यावर औषधांच्या बाटल्याही खपतात. दीर्घ ताणाने अधिवृक्क ग्रंथी थकून रिकाम्या होतात आणि म्हणून माणसाला गळाल्यासारखे वाटते, असे सांगितले जाते. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका उपचारकाने या कल्पनेला नाव दिले. परंतु २०१६ मध्ये ब्राझीलमधील दोन संशोधकांनी ५८ अभ्यास पडताळून पाहिले तेव्हा तिला आधार सापडला नाही, आणि अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञही असा रोग मानीत नाहीत. ॲडिसनचा रोग खरा आहे, त्यात ग्रंथी नष्ट होते, आणि त्यावर आज नेमके औषध आहे. दीर्घ थकवा, वजन घटणे, कातडी काळवंडणे, उभे राहताच चक्कर, अशी लक्षणे दिसली तर रक्ताची तपासणी करूनच निर्णय व्हायला हवा. पण सोलापूरच्या विणकऱ्याला जो शीण चढे तो कारकून दमल्याचा नव्हता. कारकून शेवटपर्यंत इमानाने वराती लिहीत होता. महाल ओस पडत चालले होते. झोप अपुरी, अन्न अपुरे, रक्त कमी, छातीत कापूस. म्हणून या शिणावर शक्तीची सुई लागू पडत नसे, आणि दवाखान्यातून लाल पाण्याची बाटली घेऊन आलेला माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा तसाच भिंतीला टेकून बसलेला दिसे.

आणि कर्ज शरीरापुरते कुठे होते! १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातील कामगारांविषयी अहवाल दिला, त्यात बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात बुडालेले आहेत, असे नमूद आहे. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन पठाण सावकार उभा राही. कामगार वाण्याचे उसने खाई, पठाणाचे उसने फेडी, आणि पाळीला उभा राही तो आपल्याच हाडामांसाकडून उसने घेऊन. चहा, तंबाखू आणि विडी यांची सोलापूरच्या चाळीत जी एवढी चलती, तिचे कारण व्यसनात शोधणाऱ्यांनी हे तिहेरी खाते एकदा उघडून पाहायला हवे होते; चहा आणि तंबाखू या दोहोंनीही ग्रंथीचा गाभा थोडा ढवळला जातो, म्हणजे तीही आणखी एक लहानशी वरातच.

या संदर्भात भय्या चौकातील एका घरासमोरून जाताना माझी पावले नेहमी मंद होतात. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस मुंबईच्या गोरधनदास सुंदरदास महाविद्यालयात वैद्यकी शिकले, १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तेथील रणभूमीवरच्या जखमींत रमले. १९४० मधील एका लढाईच्या वेळी त्यांनी बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला, वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्यांचे निदान करण्याचा अधिकार मला नाही. पण जागरणाने अपस्मार बळावतो हे वैद्यकाला ठाऊक आहे, आणि डॉक्टरसाहेबांनाही ते ठाऊक असलेच पाहिजे. रोग माहीत असूनही ते उभे राहिले. जेथे दर घरात कोणीतरी दमलेले असून पाळीला जात होते, अशा शहरात ते वाढले होते.

विसावे शतक संपता संपता गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तेव्हा अनेकांना वाटले की निदान कष्ट तरी सुटले, आता माणसे निवांत होतील. घडले ते उलटेच. जे दिवसाला नऊ तास उभे राहत, ते सकाळी अकराला दमून ओट्यावर बसू लागले. बाजारापर्यंत जाऊन येणे त्यांना प्रवासासारखे वाटू लागले. याचा दाखला मला फार दूर सापडला. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाच्या गावातील कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली, आणि मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी तेथे पाहणी करून १९३३ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला. बेकार पुरुष संथ चालत, वारंवार थांबत. पुष्कळांनी तर खिशात घड्याळ बाळगणेच सोडून दिले होते. त्या गावाला संशोधकांनी थकलेले गाव म्हटले. वेळ हवा तितका, कष्ट नाहीत, आणि तरी अंगात त्राण नाही. कारण उद्या काय, याची भीती ग्रंथीला रात्रंदिवस जागी ठेवते, आणि त्या भीतीने काढलेल्या वरातीचा पैसा कोणत्याच कामी लागत नाही.

बायकांना मात्र ओट्यावर बसायची सोय नव्हती. घरोघरी सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू आली, हजार विड्यांचा हिशेब सुरू झाला. एक डोळा दुधावर, एक पोरावर आणि बोटे पानावर. पूर्वभागात यंत्रमाग वाढले, चादरी आणि टॉवेल यांनी सोलापूरचे नाव देशाबाहेर नेले, आणि गिरणीत लढून मिळवलेला आठ-नऊ तासांचा दिवस लहान कारखान्यांत पुन्हा बारा तासांच्या दोन पाळ्यांवर गेला. रात्री अशोक चौकाच्या अलीकडे उभे राहिले तर ती खडखड ऐकू येते.

आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती. भोंगा थांबल्याचे त्यांना सांगितले होते, ते त्यांना समजलेही होते. पण शेवटच्या दीड-दोन वर्षांत आठवण गळत चालली, आणि ही एकच गोष्ट ते रोज विसरत. अंग मात्र विसरले नव्हते. पहाटे ते उठून बसत, पाय जमिनीला टेकवीत, मान कलती करून बराच वेळ ऐकत राहत, आणि काहीच ऐकू आले नाही की अंधारातच विचारीत, "झाला का गं?" आजी पांघरुणातून हात काढून त्यांच्या पाठीवर ठेवी. "झाला की मघाशीच. आज तुमची पाळी दुपारची हाय. निजा." मग ते आडवे होत.